भूकाळाची नावे कोणी ठेवावीत?

१९०६ सालच्या पहिल्या जानेवारीस हिंदुस्थानची प्रमाणवेळ अमलात आली. साऱ्या देशाचे घड्याळ एक झाले. मुंबई शहराने मात्र ही एकवाक्यता मनापासून स्वीकारली नाही. प्रमाणवेळेहून सुमारे ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' या शहराने १९५५ पर्यंत जपली. आगगाडी एका वेळेने सुटे आणि शहराचे घड्याळ दुसरीच वेळ दाखवी. योगायोग असा की, ज्या १९०६ साली सरकारने मनुष्याच्या घड्याळांना एका शिस्तीत आणले, त्याच साली सरकारच्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे संचालक थॉमस हॉलंड यांनी दगडांच्या घड्याळाबाबत नेमकी उलट भूमिका घेतली. युरोपात घडलेली भूवैज्ञानिक कालगणना हिंदुस्थानातील खडकांना जशीच्या तशी लागू पडत नाही, सबब या उपखंडाची स्वतंत्र विभागणी असावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. आर्कीयन, पुराण, द्राविड आणि आर्य अशा चार महागणांत त्यांनी येथील सर्व स्तर बसविले.

हा वाद वरकरणी तज्ज्ञांपुरता वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. कालगणना कोणाची, नावे कोणाची आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न मापे, चलन आणि घड्याळ यांच्या इतिहासात जसे पदोपदी उभे राहिले, तसेच ते भूविज्ञानातही उभे राहिले आहेत. त्यांची उत्तरे कोळशाच्या खाणीपासून थेट काश्मीरच्या दगडखाणीपर्यंत परिणाम घडवीत आली आहेत.

'आंतरराष्ट्रीय' म्हणजे काय?

आज जगभर शिकविल्या जाणाऱ्या कालगणनेतील नावे पाहिली तर तिचे जन्मस्थान लपत नाही. कँब्रियन हे नाव वेल्सच्या लॅटिन नावावरून आले. ऑर्डोव्हिशियन आणि सिल्युरियन ही नावे त्याच प्रदेशातील प्राचीन टोळ्यांवरून. डेव्होनियन हे डेव्हन या इंग्लिश परगण्याचे, पर्मियन हे रशियातील पर्म शहराचे आणि जुरासिक हे फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरील जुरा पर्वताचे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम युरोपातील मूठभर अभ्यासकांनी आपापल्या टेकड्या धुंडाळून जी वर्गवारी केली, तीच पुढे जगाची वर्गवारी ठरली. तीही सुखासुखी ठरली नाही. कँब्रियन कोठे संपतो आणि सिल्युरियन कोठे सुरू होतो यावर सेज्विक आणि मर्चिसन या एकेकाळच्या मित्रांमध्ये कायमचे वितुष्ट आले. दोघेही निवर्तल्यावर १८७९ साली लॅपवर्थ यांनी वादग्रस्त स्तरांना ऑर्डोव्हिशियन हे तिसरेच नाव देऊन तोडगा काढला.

यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. जेथे काम प्रथम झाले तेथली नावे रूढ झाली. अडचण निराळीच होती. युरोपात ज्या ठिकाणी स्तरांमध्ये खंड दिसला, जीवाश्म एकाएकी बदललेले दिसले, तेथे कालखंडाची सीमा आखली गेली. पण पृथ्वीच्या इतिहासातील खंड सर्वत्र एकाच वेळी पडत नसतात. एका प्रदेशात समुद्र मागे हटला म्हणून दुसऱ्या प्रदेशातही तो हटलाच असेल असे नाही. परक्या जमाखर्चाच्या वहीतील आर्थिक वर्ष आपल्या पेरणी-कापणीच्या चक्राशी जुळत नसेल, तर ताळेबंद मांडता येतो. पण त्यातून शेतीचे खरे चित्र उमटत नाही. तसाच हा प्रकार होता.

गोंडवनाचा पेच

हा पेच हिंदुस्थानात सर्वांत तीव्रतेने जाणवला तो कोळशाच्या निमित्ताने. १८५१ साली थॉमस ओल्डहॅम यांनी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची सूत्रे हाती घेतली, ती प्रामुख्याने कोळशाच्या शोधासाठीच. आगबोटी सुरू झाल्या होत्या, आगगाडी येऊ घातली होती. युरोपीय कालगणनेत कोळशाचा म्हणून एक स्वतंत्र कालखंडच होता. कार्बनी कल्पाचे नावच मुळी कोळशावरून पडलेले. साहजिकच येथील कोळसाही त्याच कल्पातील असावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दामोदर, महानदी आणि वर्धा-गोदावरी यांच्या खोऱ्यांत जे कोळशाचे थर सापडले, त्यांतील वनस्पती युरोपच्या कोळशातील वनस्पतींहून सर्वस्वी भिन्न निघाल्या. ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या वनस्पतीचे येथे राज्य होते. या थरांच्या तळाशी, ओडिशातील तालचेर येथे, १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधूंना आणि त्यांच्या सहकाऱ्याला मोठमोठे गोटे मिसळलेला चिखलाचा थर आढळला आणि तो हिमनद्यांनी आणून टाकला असावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या उष्ण कटिबंधात एकेकाळी हिमनद्या होत्या ही गोष्ट त्या काळी पचनी पडणे सोपे नव्हते.

या स्तरांचे वय कोणते? वनस्पतींचे जाणकार ऑटोकार फाइस्टमँटल यांनी कोळसा धारण करणाऱ्या थरांना मध्यजीव महाकल्पाकडे, म्हणजे बरेच अलीकडे ओढले. इतरांना ते त्याहून जुने वाटत होते. ऑस्ट्रेलियातही याच सुमारास न्यूकॅसलच्या कोळशावरून मॅकॉय आणि क्लार्क यांच्यात असाच वाद रंगला होता. युरोपचे मापच हाती असल्यामुळे प्रत्येक पक्ष आपला खडक त्या मापाच्या कोणत्या ना कोणत्या खाचेत कोंबू पाहत होता.

अशा वेळी १८७२ साली मेडलिकट यांनी या साऱ्या स्तरसमूहाला 'गोंडवन' हे नाव दिले. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून घेतलेल्या या नावात शहाणपण होते. वय निश्चित नसले तरी खडकांचे परस्परसंबंध निश्चित होते. तेव्हा आधी समूहाला आपले नाव द्यावे, वयाचा निवाडा पुढे होत राहील, ही ती रीत होय. १८८५ साली ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी दक्षिण गोलार्धातील तुटलेल्या प्राचीन भूखंडासाठी हेच नाव उचलले. वेल्सच्या टोळ्यांची नावे जगाच्या कालगणनेत गेली, तशी गोंडांच्या भूमीचे नाव जगाच्या भूगोलात गेले. कालाच्या नव्हे, स्थळाच्या नावाने का होईना, मध्य भारताची नोंद झाली. पुढे निष्पन्न झाले ते असे की, भारतातील कोळशाचा बहुतांश साठा या गोंडवन स्तरांतील असून तो मुख्यतः पर्मियन कल्पातील आहे. युरोपच्या कोळशाच्या कल्पातील नव्हे.

नावामागचा हिशेब

गोंडवनाच्या पोटातील विभागांची नावे पाहिली म्हणजे नामकरणाचा हिशेब अधिक स्पष्ट होतो. तालचेर, कर्हरबारी, बराकर, राणीगंज, पंचेत ही नावे गावांची, नदीची, डोंगराची आहेत. परंतु बराकर आणि राणीगंज या दोन कोळसायुक्त विभागांमध्ये जो कोळसाविरहित विभाग आहे, त्याला इंग्रज सर्वेक्षकांनी 'वांझ थर' अशा अर्थाचे नाव दिले. निसर्गाच्या दृष्टीने तो थर वांझ असण्याचे कारण नव्हते. तो वांझ होता तो खाणमालकाच्या दृष्टीने. कालगणनेच्या कोष्टकात भांडवलाचा दृष्टिकोन इतक्या उघडपणे क्वचितच उतरला असेल.

विदर्भातील उदाहरणही बोलके आहे. नागपूरजवळच्या कामठीवरून ज्या वालुकाश्मांना 'कामठी' हे नाव मिळाले, ते वर्धा खोऱ्यात बराकर थरांच्या वर पसरलेले आहेत. कोळसा आहे तो खालच्या बराकरमध्ये. चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात विंधनछिद्र घेणाऱ्याला कामठीचा दगड लागला, तर कोळसा खाली असण्याचा संभव आहे एवढे त्यावरून समजते. कामठीचे थर नेमके कोणत्या आंतरराष्ट्रीय कालविभागाशी जुळतात, राणीगंजशी त्यांचे नाते काय, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. तथापि विंधन करणाऱ्याचे काम त्यावाचून अडले नाही. स्थानिक नाव ही स्थानिक अनुभवाची साठवण असते. ते पुसून त्या जागी केवळ जागतिक कोष्टकातील नाव लिहिले, तर ज्ञान वाढत नाही. उलट काही प्रमाणात ते हरवते.

विंध्य खडकांची कथा याहून उद्बोधक आहे. ओल्डहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिलेले हे नाव आजही चालू आहे. या खडकांत जीवाश्म अत्यल्प असल्यामुळे त्यांचे वय अनिश्चित राहिले. १९९८ साली त्यांच्या खालच्या भागातून प्राचीन प्राण्यांच्या खुणा सापडल्याचे दावे जगभर गाजले. एका दाव्यानुसार ते खडक सुमारे ११० कोटी वर्षांचे, तर दुसऱ्यानुसार कँब्रियनच्या उंबरठ्याइतके, म्हणजे जेमतेम ५५ कोटी वर्षांच्या आसपासचे ठरत होते. २००२ साली ज्वालामुखीच्या राखेतील स्फटिकांवरून झालेल्या मापनांनी हा खालचा भाग १६० कोटी वर्षांचा असल्याचे दाखविले. चार वर्षांच्या अवधीत वयात १०० कोटी वर्षांचा फरक पडला, पण 'विंध्य' हे नाव जागचे हलले नाही. एखाद्याने या खडकांना मधल्या काळात घाईने जागतिक कालखंडाचेच नाव देऊन टाकले असते, तर कोणता घोळ माजला असता याची कल्पना करता येते.

हॉलंड यांची योजना का मागे पडली?

मग हॉलंड यांची स्वतंत्र कालगणना टिकली का नाही? तिचा पाया भक्कम होता. उपखंडाच्या भूइतिहासात खरोखर कोठे मोठे खंड पडले हे पाहून त्यांनी सीमा आखल्या होत्या. तिचे दुबळेपण नावांत आणि व्याप्तीत होते. 'द्राविड' आणि 'आर्य' ही नावे त्या काळी प्रचलित असलेल्या वंशकल्पनेतून आली. गंमत अशी की, द्राविड महागणाचे खडक दक्षिणेत जवळजवळ नाहीतच; ते आढळतात काश्मीरात, स्पितीत आणि पंजाबच्या मिठाच्या डोंगरांत. ज्या नावाचा खडकाशी संबंध नाही आणि ज्यातून भलताच इतिहास सूचित होतो, ते नाव अभ्यासकांच्या तोंडी रुळले नाही. चारांपैकी 'पुराण' एवढेच स्वतंत्र नाव व्यवहारात उरले. जीवाश्महीन प्राचीन द्रोणींसाठी ते आजही सोयीचे वाटते, कारण त्याची गरज खरी होती.

शिवालिक टेकड्यांच्या नामावळीने आणखी एक धडा दिला. पिलग्रिम यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवरून त्यांचे विभाग पाडले. चिंजी, नागरी, ढोक पठाण, ताट्रोट, पिंजोर अशी ही नावे. १९४७ नंतर यांतील पिंजोर भारतात राहिले आणि बाकीची मूळ ठिकाणे पाकिस्तानात गेली. दोन्ही देशांतील अभ्यासक आजही तीच नावे वापरतात. खडकांची फाळणी झाली नाही.

इतरांनी काय केले?

स्वतःची कालगणना बाळगणारा भारत एकटा नव्हे. न्यूझीलंड हे जगापासून दूर पडलेले बेट. तेथील सागरी प्राणी युरोपीय प्राण्यांशी जुळत नाहीत. १९१६ साली अ‍ॅलन थॉमसन यांनी तेथे स्थानिक कालविभागांची कल्पना मांडली. १९४० च्या दशकात फिनले आणि मारविक यांनी ती पक्की केली आणि आजही त्या देशात ती नित्य वापरात आहे. नुकुमारू, वाइपिपी, ओपोइती अशी माओरी स्थळनामे तेथील कालकोष्टकात मानाने बसली आहेत. मात्र त्यांच्या शेजारीच आंतरराष्ट्रीय विभागांचा रकाना छापलेला असतो. देशी चलन चालू ठेवायचे आणि विनिमयाचा दर वेळोवेळी दुरुस्त करीत राहायचे, अशी ही व्यवस्था होय.

अमेरिकेने युरोपच्या एका कार्बनी कल्पाऐवजी मिसिसिपियन आणि पेन्सिल्व्हेनियन असे दोन कल्प मानले. अनेक दशकांच्या वाटाघाटींनंतर चालू शतकाच्या आरंभी ती दोन नावे कार्बनी कल्पाचे उपविभाग म्हणून आंतरराष्ट्रीय कोष्टकात शिरली. सोव्हिएत रशियाचे नशीब एवढे चांगले नव्हते. कँब्रियनच्या आधीच्या काळासाठी सोकोलोव्ह यांनी १९५२ साली 'व्हेंडियन' हे नाव मांडले होते आणि त्यामागे विस्तृत काम होते. २००४ साली जेव्हा या काळाला अधिकृत कल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा मान गेला ऑस्ट्रेलियातील 'एडियाकरन' या नावाला. रशियन अभ्यासक आजही व्हेंडियन म्हणतात.

सीमादगडाचे राजकारण

हा मान ठरतो कसा? १९७२ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेने नवी पद्धत रूढ केली. कालखंडाची सीमा शब्दांत वर्णन करावयाची नाही. जगातील एका विशिष्ट ठिकाणच्या खडकात एका विशिष्ट पातळीवर ती ठरवायची. असा पहिला बिंदू तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील क्लोंक येथे निश्चित झाला. सातबाऱ्यावरील हद्दीचा वाद मोजणीदाराने जमिनीत रोवलेल्या दगडाने मिटावा, तशी ही रीत. ती न्याय्य आहे. कारण आता कोणत्याही देशातील खडकाला सीमादगड होण्याचा अधिकार आहे. परंतु त्यासाठी अटी आहेत. स्तर अखंड हवेत, जीवाश्म भरपूर हवेत, ठिकाण सुरक्षित हवे आणि सर्व देशांच्या अभ्यासकांना तेथे मोकळेपणी जाता आले पाहिजे.

पर्मियन आणि ट्रायासिक यांच्या सीमेवर, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरील सर्वांत भीषण जीवसंहार झाला. त्या सीमेसाठी जी चार ठिकाणे स्पर्धेत होती, त्यांत श्रीनगरजवळील गुरयुल घळ होती. २००१ साली मान मिळाला तो चीनमधील मेईशानला. मेईशानची जीवाश्मांची बाजू भक्कम होतीच. पण १९९० नंतरच्या अशांततेत काश्मीरला परदेशी अभ्यासकांची ये-जा दुष्कर झाली होती, हेही विसरून चालणार नाही. चीनने मेईशानचे संरक्षण केले, तेथे स्मारक उभारले. गुरयुलच्या परिसराला दगडखाणींचा धोका असल्याची तक्रार मात्र वारंवार होत आली आहे. याहून मोठा विरोधाभास पुढेच आहे. ट्रायासिकच्या पहिल्या विभागाचे अधिकृत नाव 'इंडुअन' असून ते सिंधू नदीवरून आले आहे. नाव सिंधूचे, सीमादगड चीनचा! चीनने अशा सीमादगडांची संख्या दहाच्या पुढे नेली, ती नशिबाने नव्हे. संशोधनावर आणि स्थळांच्या जपणुकीवर सातत्याने केलेल्या खर्चाने.

भारताला यश आले ते २०१८ साली. सर्वांत अलीकडच्या होलोसीन काळाचे तीन भाग पाडण्यात आले. पहिल्या दोहोंचे बिंदू ग्रीनलंडच्या बर्फात आहेत, तिसऱ्याचा मेघालयातील मॉमलूह गुहेतल्या एका चुन्याच्या स्तंभात. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याची खूण त्या स्तंभात उमटली आहे. तेथून आजपर्यंतच्या काळाचे नाव 'मेघालयन' असे ठेवण्यात आले. तो दुष्काळ खरोखर जगभर एकाच वेळी पडला होता काय, यावर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या घेतल्या जाणे योग्यच आहे. परंतु नाव आता कोष्टकात आहे. जगातील प्रत्येक शाळकरी मुलगा आज भूवैज्ञानिकदृष्ट्या मेघालयन काळात जगत आहे.

सह्याद्रीची दोन कोष्टके

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर हा प्रश्न पायाखालीच आहे. दक्षिणेच्या लाव्हाचे थर रासायनिक घडणीवरून विभागणाऱ्या अभ्यासकांनी कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन गट मानले आणि त्यांच्या पोटात जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर इत्यादी विभाग पाडले. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी निराळी नामावळी केली. एकाच डोंगराची ही दोन कोष्टके. पहिले संशोधन-पत्रिकांना सोयीचे, दुसरे नकाशा हाती घेऊन विहिरीची जागा पाहणाऱ्याला. यांतील एक खरे आणि दुसरे खोटे असे नाही. परंतु दोहोंमधील विनिमयाचा दर सर्वमान्य असला पाहिजे. तो नसेल तर एका कोष्टकातील ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही आणि त्याची किंमत अखेर जनतेच्या पैशातूनच मोजली जाते.

१९७१ च्या भारतीय स्तरनामकरण संहितेने यातील मूळ तत्त्व स्पष्ट केले होते. खडकाचे नाव वेगळे, काळाचे नाव वेगळे. गोंडवन, विंध्य, कामठी, महाबळेश्वर ही खडकांची नावे होत. ती ज्या मातीतली त्याच मातीची असावीत. काळाची नावे मात्र जगाशी सामायिक असावीत, कारण सर्वांच्या हिशेबाचे एक समान माप असल्यावाचून देवघेव होत नाही. मुंबईने १९५५ साली आपले वेगळे घड्याळ सोडले, त्यात पराभव नव्हता. मुंबईचा सूर्योदय त्यामुळे बदलला नाही.

पण सामायिक मापात आपला वाटा असावा, असे वाटत असेल तर केवळ अभिमानाने भागत नाही. ज्या ठिकाणावर नाव उभे आहे ते ठिकाण शाबूत राहावे लागते. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ साली विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्याच वर्षी मॉमलूह गुहेचा समावेश जगातील पहिल्या शंभर भूवारसा स्थळांत झाला. ही जाण स्वागतार्ह आहे. मात्र मूळ स्तर उघडे पडलेली कडी, घळी आणि खाणी देशभर विखुरलेल्या असून त्यांतील बहुतेकांची किंमत आजही खडीच्या दरानेच केली जाते. खडी कोणत्याही डोंगरातून काढता येते. ज्या कड्यावरून एखाद्या काळाचा किंवा स्तराचा अर्थ ठरतो, तो कडा एकदा फोडला की त्या नावामागची साक्ष संपते आणि मागे उरते ते केवळ कोष्टकातले अक्षर.